लोयोलाचे पाच गडी

आज एका परदेशी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची हकीकत सांगायची आहे. कोणी म्हणेल, हा शहरातल्या पोरांचा खेळ, आमच्या गावाला त्याचे काय? पण तालुक्याच्या हायस्कुलांतूनही मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब रोवलेले असतात, त्यांवर फळी आणि फळीला लोखंडी कडी. मुले त्या कडीतून चेंडू टाकण्याची खटपट करीत असतात. तोच हा खेळ. हुतूतूत जसे गडी, तसे इथेही गडीच. एका बाजूला पाच. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही, जमिनीवर आपटीत न्यायचा किंवा सोबत्याकडे फेकायचा आणि दहा फूट उंचीवरच्या कडीतून खाली पाडायचा.

हा खेळ काही पुराणकाळापासून चालत आलेला नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावच्या एका शिक्षणसंस्थेत जेम्स नायस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. बाहेर बर्फ पडलेले, मुले खोलीत कोंडून चुळबुळ करताहेत, अशा वेळी १८९१ च्या डिसेंबरात त्यांनी हा खेळ योजला. पीच नावाची फळे भरावयाच्या दोन टोपल्या त्यांनी सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. चेंडू टोपलीत पडला की शिडी लावून तो काढावा लागे! टोपलीला इंग्रजीत बास्केट म्हणतात, म्हणून खेळाचे नाव बास्केटबॉल. सज्जाचा कठडा दहा फुटांवर होता, म्हणून कडी आजही दहा फुटांवरच आहे. शिक्षक मंडळींनी हे वर्गात सांगण्यासारखे आहे. साधन नाही म्हणून खेळ अडत नाही. टोपली सगळ्यांच्या घरी असते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. साल १९६३. गाव शिकागो.

शिकागोत लोयोला नावाचे जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचे विद्यापीठ आहे. ते १८७० साली निघाले. हे नाव संत इग्नेशियस लोयोला यांचे. आपल्या गोव्यात ज्यांचे शव जपून ठेवलेले आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर या लोयोलांचेच जिवाभावाचे सहकारी, आणि मुंबईचे झेवियर कॉलेजही याच पंथाचे. तेव्हा नाव आपल्याला अगदीच परके नाही. विद्यापीठ मध्यम प्रतीचे, खेळात फार मोठा लौकिक नाही. प्रशिक्षक होते जॉर्ज आयर्लंड. ते १९५१ पासून तेथे होते आणि स्वभावाने कडक. मधल्या काही वर्षांत संघ हरू लागला तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकावला होता म्हणतात. अशा माणसाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे जिंकणे. त्यासाठी चांगले गडी पाहिजेत. आणि चांगले गडी त्यांना जिथे दिसले तिथे बाकीचे प्रशिक्षक बघायलाच जात नव्हते.

इथे थोडे थांबून मागचा इतिहास सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे उमगणार नाही.

अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांना गुलाम करून शेतांवर राबवीत असत, हे आपण शाळेत वाचलेले आहे. मोठे यादवी युद्ध होऊन १८६५ साली ही गुलामगिरी कायद्याने संपली. त्याचा आनंद पुण्यात बसलेल्या एका माणसालाही झाला होता. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पण कायदा झाला म्हणून मन बदलते असे नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेगळ्या शाळा घटनेला धरून नाहीत. दक्षिणेच्या राज्यकर्त्यांनी ते ऐकले आणि सोडून दिले.

उत्तरेत असे पाट्या लावून नव्हते, पण रीत होती. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांत एक न लिहिलेला नियम चाले. घरच्या मैदानावर काळे गडी दोनच खेळवायचे, परगावी तीन, आणि संघ हरायला लागलाच तर चार. हे थट्टेत म्हणायचे, पण वागणूकही तशीच असे. का, तर प्रेक्षकांना रुचत नाही, देणगीदारांना रुचत नाही. आपल्याकडे पुण्याच्या मैदानावर पाळवणकर बाळू गोलंदाजी करून संघ जिंकून देत असे आणि चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर वेगळ्या भांड्यात जाई. त्यातलाच हा प्रकार. बळी घ्यायला चालतो, शेजारी बसायला चालत नाही.

आयर्लंड यांनी हा हिशेब मोडला. ते समाजसुधारक होते असे मला वाटत नाही. त्यांना सामने जिंकायचे होते. पण पुष्कळदा सुधारणेचे काम सुधारक नसलेल्या माणसाच्या हातून होऊन जाते.

त्यांचे पाच गडी असे. कप्तान जेरी हार्कनेस. हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला, बारीक चणीचा आणि डावखुरा. हार्लेम ही काळ्या लोकांची मोठी वस्ती. डॉक्टर आंबेडकर १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते तिला लागूनच. हार्कनेस मुलगा असताना तिथल्या व्यायामशाळेत खेळत होता. एक दिवस जॅकी रॉबिन्सन तिथे आला. १९४७ साली गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल संघात शिरलेला पहिला काळा खेळाडू तो हाच. त्याने पोराचा खेळ पाहिला आणि सांगितले की, तुला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळू शकेल. हार्कनेस तोवर शाळेच्या संघातसुद्धा खेळत नव्हता. एवढ्या एका शब्दावर तो शेवटच्या वर्षी शाळेच्या संघात गेला. त्याच शहरातून आलेला दुसरा गडी रॉन मिलर. लेस हंटर आणि व्हिक राउझ हे दोघे उंचेपुरे गडी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे. तिथल्या काळ्या मुलांच्या पर्ल हायस्कुलात ते शिकले. या शाळेने काळ्या शाळांची राष्ट्रीय स्पर्धा १९५८, १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकली होती, पण गावातल्या गोऱ्यांच्या शाळेशी तिला साधा सामना खेळता येत नव्हता. पाचवा गडी जॉन ईगन, शिकागोचाच, गोरा, आणि पाचांत सर्वांत बुटका. चार काळे आणि एक गोरा. कोणी त्याला विचारी, तुला कसे वाटते? हा गडी तोंडाचा फटकळ, मागे हटणारा नव्हे. पुढे तो वकील झाला, यात नवल नाही.

१९६२ च्या हिवाळ्यात हंगाम सुरू झाला आणि लोयोला सुटला तो सुटलाच. त्यांचा खेळ धावता. दुसऱ्याच्या हातात चेंडू आला की तिथेच गाठायचा, हिसकावायचा आणि पळत सुटायचे. सामन्यामागे सरासरी नव्वदाच्या वर गुण; त्या वर्षी देशात सर्वांत जास्त गुण करणारा संघ हाच. डिसेंबराच्या अखेरीस ओक्लाहोमा सिटीला वायोमिंगविरुद्ध एका वेळी आयर्लंड यांनी पाचही काळे गडी मैदानात उतरवले. मोठ्या कॉलेजांच्या खेळात असे त्यापूर्वी झाले नव्हते असे इतिहासकार सांगतात. त्या दिवशी फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही.

परगावी मात्र लक्षात आणून दिले जाई. न्यू ऑर्लिन्सला गेले तेव्हा काळ्या गड्यांना बाकीच्या संघाबरोबर हॉटेलात राहता आले नाही. काळ्या लोकांच्या वस्तीत त्यांची वेगळी सोय करावी लागली. म्हणजे मैदानात एकमेकांकडे चेंडू टाकायचा आणि रात्री वेगवेगळ्या वस्तीत निजायचे. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या सामन्यात प्रेक्षकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, अंगावर वस्तू फेकल्या. तोही सामना लोयोलाने जिंकला. गंमत अशी की त्याच ह्यूस्टन विद्यापीठाने १९६४ साली आपल्या संघात एल्विन हेज आणि डॉन चेनी हे दोन काळे खेळाडू घेतले आणि पुढे त्यांच्या जिवावर देशात नाव काढले.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लोयोलाला हार माहीत नव्हती. मग बोलिंग ग्रीनने हरवले, पुढे विचिटाने एका गुणाने हरवले. दरम्यान आणखी एक अडचण आली होती. हंगामाच्या मध्यावर दोन राखीव गडी अभ्यासात मागे पडले म्हणून त्यांना खेळायला मनाई झाली. कॉलेजने नियम मोडला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. कारण गाजणाऱ्या संघासाठी गुणपत्रिका वाकवणारी कॉलेजे तिकडेही आहेत आणि इकडेही. पण परिणाम असा झाला की पाच गडी थकले तर सहावा कोण, हा प्रश्न पडला. आयर्लंड यांचे उत्तर सोपे होते. थकायचे नाही.

मार्च महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा. त्या वर्षी पंचवीस संघ. हरला तो घरी. लोयोलाचा पहिला सामना टेनेसी टेक नावाच्या संघाशी. लोयोलाने तो १११ विरुद्ध ४२ असा जिंकला. एकोणसत्तर गुणांचा फरक! या स्पर्धेत एवढा मोठा विजय पुढे कोणाला मिळालेला नाही.

पुढचा सामना मिसिसिपी स्टेटशी होता. आणि इथे आपल्याला शिकागो सोडून दक्षिणेत, स्टार्कव्हिल नावाच्या गावी गेले पाहिजे.

मिसिसिपी स्टेट हे मुळात शेतकी कॉलेज. १८७८ साली काढलेले. भोवती कापसाचा मुलूख. विद्यार्थी शेतकऱ्यांची मुले, सगळी गोरी. यांचा संघ फार चांगला होता. बेब मकार्थी नावाचा बोलघेवडा, हुशार प्रशिक्षक त्यांना लाभला होता. १९५९, १९६१ आणि १९६२ या तिन्ही वर्षी आपल्या विभागात ते विजेते ठरले किंवा विजेतेपदात वाटेकरी झाले. विभागाचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत जातो. पण हे तिन्ही वर्षी घरी बसले! कारण राष्ट्रीय स्पर्धेत समोरच्या संघात काळा गडी असू शकतो, आणि मिसिसिपीच्या सरकारी कॉलेजाने अशा संघाशी खेळायचे नाही असा दंडक होता. तोही लिहिलेला नव्हता. कायद्याच्या पुस्तकात शोधलात तर सापडला नसता. १९५५ साली एका लहान कॉलेजचा संघ काळे गडी असलेल्या संघाशी खेळून आला तेव्हा आमदारांनी अनुदान बंद करण्याची धमकी दिली. तेवढ्यावर सगळ्यांनी ओळखले. १९५९ सालच्या संघात बेली हॉवेलसारखा नामांकित खेळाडू होता, वर्षभरात एकच सामना ते हरले होते. ती मुले जिंकून घरी बसली. शिकून, पदवी घेऊन निघून गेली. त्यांच्या वाटची संधी परत आली नाही. वर्णभेदाने काळ्यांचे काय केले ते आपण जाणतो. गोऱ्यांच्या मुलांनाही त्याने असे कोंडून घातले होते.

१९६३ साली पुन्हा तेच. संघ पुन्हा विजेता. पण या वेळी विद्यापीठाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर डीन कोल्वार्ड होते. हे शेतीशास्त्रातले गृहस्थ, नॉर्थ कॅरोलायनातून आलेले, मूळचे मिसिसिपीचे नव्हेत. भाषणबाजी करणारे नव्हते. २ मार्चला त्यांनी जाहीर केले की, अधिकार असलेल्या कोणी अडवले नाही तर आपला संघ स्पर्धेला जाईल.

हे म्हणणे केवढे धाडसाचे होते ते समजण्यासाठी पाच महिने मागे जा. १९६२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच राज्यातल्या ऑक्सफर्डच्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ हा पहिला काळा विद्यार्थी नाव घालायला गेला. तिथले गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्र्याच्या जागी असतो तो माणूस, रॉस बार्नेट, हे स्वतः त्याला अडवायला उभे राहिले. दंगल झाली, दोन माणसे मेली, फौज आणावी लागली. एका विद्यार्थ्याने वर्गात बसावे म्हणून! त्याच राज्यात, त्याच गव्हर्नरांच्या अमदानीत कोल्वार्ड संघ पाठवायला निघाले होते.

बार्नेट यांनी नापसंती कळवली. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. आज चेंडू खेळाल, उद्या शाळेत बसवाल, परवा लग्ने लावाल, हा युक्तिवाद आपल्याही ओळखीचा आहे. पण विद्यार्थी मात्र संघाच्या बाजूने होते. ९ मार्चला राज्याच्या कॉलेज मंडळाची बैठक झाली आणि मंडळानेही बहुमताने कोल्वार्ड यांना पाठिंबा दिला. आता काही अडचण नाही असे वाटले.

तेवढ्यात १३ मार्चला दोन राजकारणी मंडळी कोर्टात गेली आणि त्यांनी मनाई हुकूम मिळवला. संघाने राज्याबाहेर जाऊ नये. सामना १५ तारखेला, शुक्रवारी, दूर उत्तरेला मिशिगन राज्यात ईस्ट लान्सिंगला. मनाई हुकूम हातात पडला तर संपले. आणि हातात पडलाच नाही तर? कोर्टाचा कागद ज्याच्यावर बजावायचा तो माणूसच जागेवर नसला तर बजावणार कोणावर? समन्स घेऊन आलेला बेलीफ दारात दिसला की मागच्या दाराने शेतात जाणारे लोक आपण पाहिलेले आहेत. कोल्वार्डसाहेबांनी तेच केले! ते एका व्याख्यानाच्या निमित्ताने शेजारच्या अलाबामा राज्यात निघून गेले. मकार्थी आणि क्रीडाविभागाचे प्रमुख रातोरात टेनेसीत गेले. एका विद्यापीठाचा अध्यक्ष आणि प्रशिक्षक चोरासारखे हद्द ओलांडून जाताहेत, कशासाठी, तर पोरांना बास्केटबॉल खेळता यावे म्हणून.

राहिली पोरे. गुरुवारी सकाळी राखीव गड्यांना आधी विमानतळावर पाठवले. कोणी पोलीस कागद घेऊन उभा असेल तर तो यांना अडवील. मुख्य गडी वसतिगृहात दडून. विमानतळावर कोणी नाही असे कळताच मुख्य गडी निघाले, विमानात बसले आणि विमान उडाले. पुढे नॅशव्हिलला प्रशिक्षक भेटले आणि सगळे मिळून मिशिगनला गेले. इकडे राज्याच्या वरिष्ठ न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनी तो मनाई हुकूम स्थगितही केला.

दुसऱ्या बाजूला हार्कनेस आणि त्याच्या सोबत्यांना शिकागोत पत्रे येत होती. पाठवणारे कू क्लक्स क्लानवाले, म्हणजे बुरखे घालून काळ्यांना मारणारी टोळी. वसतिगृहाचा पत्ता त्यांना ठाऊक होता. वीस-एकवीस वर्षांची मुले ती. हार्कनेस पुढे सांगत असे की, त्या पत्रांनी तो घाबरला होता. हे त्याने लपवले नाही म्हणून मला तो जास्त आवडतो.

१५ मार्च १९६३. सामन्याआधी दोन कप्तानांनी मध्यभागी येऊन हात मिळवायचे असतात. लोयोलाचा हार्कनेस पुढे आला, मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड पुढे आला. दोघांनी हात मिळवले. आणि एकदम छायाचित्रकारांच्या दिव्यांचा लखलखाट झाला. नेहमीच्या सामन्याला असे होत नसते. हार्कनेस म्हणे की, तेव्हा कुठे आपल्याला कळले, हा नुसता खेळ नाही.

आणि मग काय घडले? काहीच नाही. दोन संघ खेळले. मिसिसिपीवाले सावकाश, मोजून-मापून चेंडू फिरवणारे. त्यांनी पहिले सात गुण घेतले आणि लोयोलाला एकही घेऊ दिला नाही. मग लोयोलाने पकड घेतली. व्हिक राउझने उसळलेले एकोणीस चेंडू पकडले. उत्तरार्धात मिसिसिपीचा चांगला गडी लेलँड मिचेल पाच फाऊल होऊन बाहेर गेला. लोयोला ६१, मिसिसिपी स्टेट ५१. शिवीगाळ नाही, धक्काबुक्की नाही. ज्याच्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या तो प्रसंग इतका साधा होता. परत गेल्यावर स्टार्कव्हिलला संघाचे स्वागतच झाले. आभाळ कोसळले नाही. दोन वर्षांनी, १९६५ साली, त्या विद्यापीठात रिचर्ड होम्स हा पहिला काळा विद्यार्थी आला, आणि ऑक्सफर्डसारखी दंगल तिथे झाली नाही.

(पण सगळे राज्य सुधारले असे मात्र समजू नका. सामन्याला तीन महिने होतात न होतात तोच, १९६३ च्या जूनमध्ये, मिसिसिपीच्या राजधानीत मेडगर एव्हर्स या काळ्यांच्या पुढाऱ्याला त्याच्या घरासमोर गोळी घातली.)

लोयोलाने पुढे इलिनॉयला हरवले, ड्यूकला हरवले आणि २३ मार्चला लुइव्हिल शहरात अंतिम सामना आला. समोर सिनसिनाटी. मागची दोन वर्षे लागोपाठ अजिंक्य, बचावात भिंतीसारखा संघ. त्यांच्यातही तीन गडी काळे. म्हणजे मैदानात उतरलेल्या दहांतले सात काळे, आणि तेही दक्षिणेच्या उंबरठ्यावरच्या शहरात. एकोणीस हजारांवर प्रेक्षक.

सुरुवात इतकी वाईट की पहिल्या चौदा फेकींतली एकच कडीत गेली. हार्कनेसला तर सिनसिनाटीने असा जखडला की सामन्याची शेवटची पाचेक मिनिटे उरेपर्यंत त्याला खेळातून एक कडी साधता आली नाही. उत्तरार्धात फळ्यावर ४५ विरुद्ध ३०. पंधरा गुणांची पिछाडी. उठून जाणारे प्रेक्षक उठले असतील.

इथे एक बारकावा सांगतो. आज चेंडू हातात आला की ठरावीक सेकंदांत फेकावाच लागतो. त्या काळी कॉलेजांच्या खेळात असा नियम नव्हता. तो १९८५ साली आला. म्हणून पुढे असलेला संघ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवीत वेळ काढी. सिनसिनाटीने तेच आरंभले. पंधरा गुण पुढे आहोत, आता कशाला धोका घ्या? आणि तिथेच चुकले. जो संघ दोन वर्षे मोजून खेळला तो आता राखून खेळू लागला. लोयोलाचे गडी अंगावर धावून जाऊ लागले. चेंडू हिसकावू लागले. सिनसिनाटीच्या मुख्य गड्यांच्या नावावर चार-चार फाऊल लागले. पाचवा झाला की बाहेर. त्यांना धसमुसळेपणा करता येईना. त्या सामन्यात सिनसिनाटीने सोळा वेळा चेंडू हातचा घालवला, लोयोलाने तीनच वेळा.

पिछाडी एकेक गुणाने वितळू लागली. शेवटची बारा सेकंद. सिनसिनाटी ५३, लोयोला ५२. सिनसिनाटीच्या लॅरी शिंगल्टनला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही गेले असते तर खेळ संपला होता. पहिला गेला. ५४. दुसरा कडीवर आपटून बाहेर आला. हंटरने तो पकडला, मिलरकडे दिला, मिलरने हार्कनेसकडे, आणि दिवसभर कोरडा गेलेला हार्कनेस घुसला. कडीत! ५४-५४.

जादा पाच मिनिटे. ५८-५८. दीडेक मिनिट उरले असता ईगन आणि शिंगल्टन दोघांच्याही हातात चेंडू अडकला, पंचाने तो दोघांमध्ये वर उडवला आणि सर्वांत बुटक्या ईगनने तो आपल्या बाजूला टोलवला. आता वेळ काढण्याची पाळी लोयोलाची. शेवटच्या क्षणी हार्कनेस उडाला, पण समोर हात आला. त्याने चेंडू हंटरकडे दिला. हंटरची फेक कडीवरून निसटली. आणि नॅशव्हिलच्या त्या शाळेपासून हंटरच्या शेजारी खेळत आलेला व्हिक राउझ बरोबर तिथे होता. त्याने उसळता चेंडू तसाच वर लोटला. घड्याळात एक सेकंद उरला होता. ६० विरुद्ध ५८.

शिक्षकांसाठी थोडी आकडेमोड. सिनसिनाटीने खेळातून पंचेचाळीस फेकी केल्या, त्यांपैकी बावीस साधल्या, जवळजवळ निम्म्या. लोयोलाने चौऱ्याऐंशी केल्या आणि तेवीस साधल्या. चारांत जेमतेम एक. नेम सिनसिनाटीचा चांगला होता. पण लोयोलाने जवळजवळ दुप्पट वेळा प्रयत्न केला. आणि आयर्लंड यांनी पंचेचाळीस मिनिटांत एकदाही गडी बदलला नाही. तेच पाच शेवटपर्यंत उभे होते.

वर्षाचा हिशेब असा की एकतीस सामने, एकोणतीस जिंकले, दोन हरले. पुढे १९६६ साली टेक्सास वेस्टर्न कॉलेजने अंतिम सामन्याला सुरुवातीचे पाचही गडी काळे उतरवून गोऱ्यांच्या केंटकी संघाला हरवले, आणि जगात नाव त्यांचेच जास्त झाले. लोयोलाचे पुष्कळसे विस्मरणात गेले. हार्कनेस काही वर्षे व्यावसायिक खेळला आणि पुढे इंडियानापोलिसला खेळांच्या बातम्या सांगू लागला. राउझ १९९९ साली वारला. डिसेंबर २०१२ मध्ये मिसिसिपी स्टेटचा संघ शिकागोला लोयोलाशी खेळायला आला, म्हाताऱ्या झालेल्या दोन्ही बाजूंच्या गड्यांसमोर. या वेळी बातमी अशी काही नव्हती. जुलै २०१३ मध्ये त्या जुन्या संघातले हयात असलेले गडी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना व्हाइट हाउसमध्ये भेटले. ओबामा शिकागोचेच. हंटर २०२० साली गेला, हार्कनेस २०२१ साली.

जो डॅन गोल्ड २०११ साली वारला होता. तो पुढे शिक्षणक्षेत्रात राहिला होता. हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला. उतारवयात दोघांची मैत्री झाली होती. आत शिरल्यावर शवपेटीशेजारी त्याला एक जुना फोटो लावलेला दिसला. ईस्ट लान्सिंगचे मैदान, मध्यभागी दोन तरुण पोरे, एक काळा, एक गोरा, हातात हात.